एक सूत कमी

यालमार निस्कानेनची बंदूक वसंतापासून माझ्या घरातल्या कोटांच्या कपाटात उभी होती, आणि नोव्हेंबर उजाडेपर्यंत तिने मला काहीच त्रास दिला नव्हता. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात जायची वेळ आली तेव्हा तो स्वतःच ती घेऊन आला होता.

"तिथे बंदूक चालत नाही म्हणे," तो म्हणाला. "तू ठेव, ओनी. तू ती कधी उडवणार नाहीस. म्हणून तुझ्याकडे."

हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑगस्टमध्ये यालमार गेला. बंदूक राहिली.

सगळे तिला लांडी म्हणत. साधीच बंदूक, हरणाच्या शिकारीची, खालची कडी पुढे ओढली की उघडणारी आणि मागे घेतली की बंद होणारी. आमच्या भागात अशी घरटी एक असते. फक्त हिची नळी आखूड होती. यालमार ऐन तारुण्यात देवदारांच्या दलदलीत बीव्हर पकडायचा. बर्फात चालायचे जाळीचे जोडे पायात, पाठीवर सापळे, खांद्यावर बंदूक. दर दहा पावलांवर नळीचं टोक कुठल्यातरी फांदीत अडकायचं आणि फांदीवरचा बर्फ मानेतून थेट पाठीत उतरायचा. एके दिवशी तो घरी आला, सदरा झटकला, बंदूक कामाच्या ओट्याला आवळली आणि लोखंडी करवतीने पुढचा तुकडा कापून टाकला. मोजमाप काही घेतलं नाही. नेम धरायची माशी म्हणून टोकावर पितळी किल्लीचा एक दात डाखून दिला. त्या वर्षी त्याची मुलगी ऐली जन्मली. लांडी आणि ऐली एका वयाच्या, असं तो सांगत असे.

मी शिकारी नाही. गावच्या वाचनालयात जन्म गेला, आणि निवृत्तीनंतरही फाटकी पुस्तकं शिवायला मी तिथे जातो. पण यालमारच्या जंगलातल्या कँपवर दरवर्षी स्वयंपाकी म्हणून मला जावं लागे, त्यामुळे तिथले नियम मला पाठ आहेत. पहिला नियम असा: बंदूक एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाताना ती उघडी हवी. देणारा म्हणतो, "उघडी." घेणारा आत डोकावतो, काडतूस नाही याची खात्री करतो आणि म्हणतो, "पाहिली." हे झाल्याशिवाय देणाऱ्याने हात सोडायचा नाही. छपराखाली बंदूक बंद करायची नाही, ती मचाणावरच बंद व्हायची. एकदा आमच्या पाद्रीबाबांनी स्वयंपाकघरात सहज कडी मागे घेतली, तर यालमारने त्यांना पास्टीच्या, म्हणजे आमच्या मांस-सलगमाच्या मोठ्या करंजीच्या, ताटलीसकट बाहेर बर्फात बसवलं होतं. पाद्रीबाबांनी तिथेच बसून ती संपवली.

हंगाम सुरू व्हायला थोडे दिवस राहिले होते. वाचनालयात एक बाई आल्या. नवऱ्याला आखूड नळीची बंदूक भेट द्यायची होती, आणि दुकानदार काहीबाही सांगून घाबरवत होता. कायद्यात नेमकं काय आहे ते शोधून द्या, म्हणाल्या. मी शोधून दिलं. रायफलची नळी सोळा इंचांहून कमी नको. छर्ऱ्यांच्या बंदुकीची अठराहून कमी नको. अख्खी बंदूक सव्वीसहून कमी नको. त्याहून आखूड हवी असेल तर सरकारदरबारी आधी नोंद हवी. आधी, हा शब्द मी बाईंना दोनदा वाचून दाखवला. नोंदीशिवाय घरात ठेवली तरी तो केंद्र सरकारचा गुन्हा, आणि गुन्हा साधासुधा नाही.

बाई आभार मानून गेल्या. त्या पानाची एक प्रत यंत्रावर काढून मी खिशात घातली. का घातली, ते तेव्हा मला कळलं नव्हतं. जेवायला घरी आलो, कपाट उघडलं, आणि मग कळलं.

माझ्या बायकोची शिवणकामाची फीत अजून तिच्या डब्यात आहे. लांडीची नळी जिथून बाहेर निघते तिथे मी फितीचं टोक धरलं आणि तोंडापर्यंत मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराच. फीत जुनी होती, ताणलेली असेल असं मनात आलं. पण ताणलेली फीत कमी दाखवील की जास्त, याचा विचार करता करता डोकं आणखीच भणभणलं.

त्यानंतर मला एका जागी बसवेना. बंदूक कपाटातून काढून पलंगाखाली सरकवली. मग वाटलं, पलंगाखाली लपवलेली वस्तू जास्त गुन्हेगार दिसते. तळघरात नेली. तळघर ओलं, गंज चढेल, यालमार वरून शिव्या घालील. पुन्हा वर आणली. टपालवाला दार ठोठावायला लागला तेव्हा माझ्या गळ्यात फीत आणि हातात बंदूक होती. मी बंदूक कोटांत खुपसली आणि फीत तशीच राहिली.

"काय हो, शिलाईचं दुकान काढलंत की काय?" तो म्हणाला.

"अंगरखा ढिला करतोय," मी म्हणालो. त्याला ते पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

माझं काय, मी म्हातारा माणूस. मला कोणी बेड्या घालायला येईल असं खरं म्हणजे वाटत नव्हतं. भीती होती ती ऐलीची. ऐली तळ्यापलीकडच्या सरकारी तुरुंगात पहारेकरी आहे. वीस वर्षांहून जास्त नोकरी झाली, निवृत्तिवेतन तोंडावर आलं. तिच्यावर असा गुन्हा लागला तर नोकरी गेली, निवृत्तिवेतन गेलं, आणि जन्मात पुन्हा बंदुकीला हात लावता येणार नाही. आमच्याकडे तो शेवटचा भाग पहिल्या दोन्हींइतकाच जड असतो. आणि बापाच्या पश्चात पहिल्या हंगामाच्या पहिल्या सकाळी, बापाच्या मचाणावर, बापाची लांडी घेऊन बसायचं, एवढंच तिने दफनाच्या दिवशी मला सांगितलं होतं.

तिचा फोन आला.

"ओनीकाका, चौदा तारखेला सकाळी येते लांडी न्यायला. सुलोची गाडी आहे. तुम्ही दुपारी कँपवर पास्ट्या घेऊन या, नेहमीसारखं."

"ये की," मी म्हणालो.

"आवाज असा का?"

"सर्दी."

सांगायचं, की नाही सांगायचं? नाही सांगितलं तर तिला माहीतच नसणार, आणि दलदलीत कोण येतंय मोजायला? पण वनखात्याचे लोक हंगामात रस्त्यावर गाड्या थांबवतात, बंदुका बघतात. एखाद्याची नजर तीक्ष्ण असेल. आणि सांगितलं तर मीच तिच्या हातून बापाची बंदूक काढून घेतल्यासारखं होणार. घरात मी इकडून तिकडे इतका चाललो की शेजारीण काचेतून बघायला लागली. शेवटी मी फक्त एवढंच ठरवलं की तिचा चेहरा पाहून काय ते ठरवीन. हे ठरवणं नव्हे, हे मलाही कळत होतं.

चौदाला सकाळी दोघं आली. सुलो तिचा चुलत भाऊ. बंदरावरच्या दुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर. आवाज मोठा, पोट मोठं, मनाने बरा. दोघांनीही बूट न काढता दारातच उभं राहून कॉफी मागितली.

मी लांडी बाहेर आणली, कडी पुढे ओढली. "उघडी."

ऐली डोकावली. "पाहिली." तिने बंदूक घेतली, दस्त्यावरून अंगठा फिरवला, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला सांगावंच लागलं. न सांगता असा चेहरा दाराबाहेर जाऊ देणं मला जमलं नसतं. मी खिशातला कागद काढला आणि अडखळत अडखळत सगळं बोललो.

सुलो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग हसत सुटला. "काय हो ग्रंथपाल! आख्खा जन्म हरणं पाडली या बंदुकीने, आणि तुम्ही हिला दरोडेखोर ठरवलंत?"

"मी नाही ठरवलं. पंधरा भरली."

"कशाने मोजलीत?"

मी फीत दाखवली. तिच्यावर लहान लहान गुलाबं छापलेली आहेत.

"बघ ऐले, गुलाबांनी मोजली." सुलोला खोकला येईपर्यंत हसू आलं. "आणि बाहेरून मोजलीत ना? नळी आत शिरलेली असते, काका. तिचं बूड लोखंडाच्या पोटात असतं. दिसते तेवढीच नळी नसते. आतून मोजायची, सळई घालून."

हे बरोबर होतं. त्या कागदावरही तोंडापासून आतल्या बोल्टपर्यंत, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या लोखंडापर्यंत, असंच काहीसं लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं, पण फीत हातात आली तेव्हा विसरलो. मला हायसं वाटलं आणि लाजही वाटली.

सुलोने गाडीतून बंदूक साफ करायची सळई आणि पोलादी टेप आणला. ऐलीने बंदूक धरली, तशीच उघडी, कडी खाली लोंबत असलेली. सुलोने तोंडातून सळई आत सोडली, ती आत टेकली, त्याने नळीच्या तोंडाशी सळईवर नख रोवलं, सळई बाहेर काढली आणि माझ्या टेबलावर टेपशेजारी ठेवली.

"अठराच्या वर!" तो ओरडला. "अहो, छर्ऱ्यांची असती तरी पास झाली असती! पाजा आता कॉफी, वकीलसाहेब."

ऐलीने वाकून टेपवरचा आकडा पाहिला. तिने डोळे मिटून श्वास सोडला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "काका, बरं केलंत सांगितलंत. माझ्याही मनात कधीतरी आलंच असतं."

दोघं गेली. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी हात हलवत राहिलो. मग आत येऊन सलगम चिरायला घेतलं. पास्टीला सलगम बारीक लागतं. चिरता चिरता मनात आलं, बाहेरून पंधरा, आतून अठरा. तीन इंच लपले कुठे? नळी लोखंडात शिरते ती इंचभर शिरते, फार तर. मी यालमारला ती उकलताना किती वेळा पाहिलं होतं. तीन इंच मावायला तिथे जागाच नाही.

सुरी खाली ठेवली. स्वतःला सांगितलं, तू पुस्तकांचा माणूस, सुलो लोखंडाचा. गप सलगम चीर. सुरी उचलली. पुन्हा खाली ठेवली. खिशातला कागद काढून मी खिडकीशी गेलो आणि त्या ओळीवर बोट ठेवून वाचत गेलो. नळीच्या तोंडापासून बोल्टच्या चेहऱ्यापर्यंत, बोल्ट बंद असताना. बंद असताना, आणि घोडा ताणलेला असताना.

बंद.

आम्ही मोजली ती उघडी. उघड्या बंदुकीत बोल्ट मागे गेलेला असतो, आणि सळई नळी ओलांडून पार मागे त्याला जाऊन टेकते. सुलोने काही मुद्दाम केलं नव्हतं. आमच्यातल्या कोणीही तशीच मोजली असती. लहानपणापासून ज्याच्या कानावर "उघडी" आणि "पाहिली" पडलंय, तो दुसऱ्याच्या घरात बंदूक बंद करील कसा? आणि नळीच्या तोंडाशी माणसाचा हात असताना घोडा ताणून तर मुळीच नाही. कायदा लिहिणारे यालमारच्या कँपवर कधी जेवले नव्हते, एवढंच.

पास्ट्या भाजल्या, टॉवेलात गुंडाळल्या, आणि गाडी काढली. रस्त्याने दर वळणावर मी परत फिरायचं ठरवत होतो. सकाळी एकदा हसं झालंच होतं. दुसऱ्यांदा तोच विषय काढायचा? तिने सोडलेला तो श्वास परत आत ढकलायचा? पण गाडी चालत राहिली. मी काही निश्चयाने चालवत होतो असं नाही. पास्ट्या गार होतील, एवढंच कारण पुरेसं झालं.

कँपवर लाकडांची चूल पेटलेली होती. सुलो बूट काढून, नुसत्या मोज्यांत बसून वेलदोड्याचा पाव खात होता. ऐली खिडकीजवळ लांडीला तेल लावत होती, बंदूक अर्थातच उघडी. मी ताटल्या मांडल्या. मीठ मांडलं. मीठ उचलून दुसरीकडे ठेवलं. काटे मोजले.

"ओनीकाका," ऐली वर न बघता म्हणाली, "तुम्ही मीठ तीनदा हलवलंत."

मग मी बोललो.

"पुन्हा?" सुलोने पाव खाली ठेवला. "काका, तुम्ही म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठता. अठरा भरली! तुमच्याच टेबलावर!"

"उघडी भरली."

"मग बंदूक काय बंद करून मोजायची? वेड लागलंय का?"

मी कागद पुढे केला. सुलोने घेतला नाही. ऐलीने घेतला. तिने तो नोकरीतल्या सवयीने वाचला, ओळीखाली ओळ, ओठ न हलवता. वाचून घडी घातली.

"बाहेर चला," ती म्हणाली. "छपराखाली बंद नाही करायची."

लाकडं फोडायच्या ओंडक्यावर तिने बंदूक ठेवली, तोंड टेकडीकडे. आत बोट घालून पाहिलं. मला दाखवलं, सुलोला दाखवलं. मग सळई आत सोडली. ती आत टेकल्याचा बारीक आवाज आला. बाहेर सळईचं टोक दिसत होतं. ऐलीने कडीला हात घातला आणि थांबली. मला वाटतं, तिच्या हाताला ते पटत नव्हतं.

"माफ करा बाबा," ती म्हणाली, आणि कडी मागे घेतली.

सळई हलली. आतून कोणी ढकलावी तशी ती संथपणे तोंडातून बाहेर येत गेली, येतच गेली, आणि कडी खटकन बसली तेव्हा थांबली. बरेच इंच बाहेर आली होती. सुलोचं तोंड उघडं राहिलं. घोडा ताणलेला होता. तिघांपैकी कोणीही नळीच्या तोंडासमोर नव्हतं, तरी आम्ही आणखी एकेक पाऊल मागे सरलो.

ऐलीनेच बाजूने हात घालून नख रोवलं. सळई काढली, कडी उघडली, मग टेप लावला. यालमारने करवत जरा तिरकी चालवली होती, म्हणून तिने लांब बाजू धरली होती.

पंधरा इंच आणि सात सूत.

इंचाचे आठ सूत. एक सूत कमी.

"एवढंसं?" सुलो म्हणाला. "काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढं? हे कोण मोजणार आहे दलदलीत?"

"मी मोजलं ना," ऐली म्हणाली.

"अगं, आपण तिघांनीच तर पाहिलं."

"आमच्याकडे तुरुंगात एक जण आहे. रोज सकाळी दार उघडलं की म्हणतो, मला माहीत नव्हतं. काही वेळा मला खरं वाटतं त्याचं." तिने सळई पुसून बाजूला ठेवली. "मला मघापर्यंत तसं म्हणता आलं असतं."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी बुटाने बर्फ उकरत राहिलो. माझ्या तोंडून निघालेला तो एक शब्द, बंद, परत घेता आला असता तर मी तेव्हा घेतला असता, हे मी नाकारत नाही.

"मग आता?" सुलोने विचारलं. "तळ्यात टाकायची? पोलिसांना द्यायची? ते तिचे दोन तुकडे करतील."

ऐली ओंडक्यावर बसली. बंदूक मांडीवर, उघडी. "मी उद्या रिकाम्या हाताने बसते मचाणावर. झालं."

तेव्हा मला त्या कागदाचा खालचा भाग आठवला. आठवला म्हणजे, तो मी सकाळपासून वाचतच होतो, पण माझं बोट सारखं वरच्या ओळीवर जात होतं. नळीच्या टोकाला एखादा तुकडा कायमचा जोडला, वितळवून, पुन्हा निघणार नाही असा, तर तो नळीतच धरतात. मी ते घाईने बोललो. सुलोने या वेळी कागद माझ्या हातून ओढून घेतला.

"कायमचा जोडला," त्याने मोठ्याने वाचलं, आणि त्याचा चेहरा उजळला. "अगं ऐले, मी जन्मभर दुसरं काय करतोय? लांडीला शेपूट लावू!"

"बाबांनी कापली ती."

"कापली, कारण मानेत बर्फ जात होता. तुझ्या नोकरीवर करवत चालवायला नाही कापली."

तिने नळीच्या तिरक्या टोकावरून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "एक सूतच लाव."

"एक सूत लावायला मी घड्याळजी आहे का? बोटभर लावतो. कोणी पुन्हा गुलाबांनी मोजली तर?"

सुलोचं घर जवळच. त्याच्या गराजमध्ये आम्ही उजेड असतानाच पोहोचलो. त्याने पोलादी दांड्यातून बोटाच्या पेराएवढा तुकडा कापला, त्याला आरपार भोक पाडलं, नळीच्या भोकाहून चांगलं मोठं. गोळीने त्या तुकड्याला स्पर्शसुद्धा करायचा नाही, तो म्हणाला. मग काळा मुखवटा चढवला आणि आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. भिंतीवर निळा उजेड थरथरत होता. मी मनात हजार गोष्टी मोजत होतो. भोक तिरकं गेलं तर? जोड सुटला तर? कागदात जोडायला सांगितलंय, उडवून पाहायला कुठे सांगितलंय?

उडवून पाहिली मात्र. रेतीच्या खाणीत जुन्या टायरला बंदूक बांधली, चापाला दोरी, आणि आम्ही गाडीमागे. पुठ्ठ्याला स्वच्छ गोल भोक पडलं. दुसऱ्यांदाही. मग ऐलीने स्वतःच कडी मागे घेतली, बंद करून मोजली. सोळा इंच सहा सूत. या वेळी तिने बाबांची माफी मागितली नाही. नळी मात्र विचित्र दिसत होती, जुन्या काळ्या पोलादाच्या टोकाला चकचकीत गाठ, आणि तिच्या मागे किल्लीच्या दाताची ती माशी, आता जवळजवळ निरुपयोगी.

"कुरूप आहे," ऐली म्हणाली.

"मग तुझ्या बाबांवरच गेली म्हणायची," सुलो म्हणाला. ती पहिल्यांदा हसली.

पंधराला पहाटे ती नारिंगी जाकीट घालून दलदलीकडे गेली. सुलो टेकडीकडे गेला. मी चुलीपाशी राहिलो. उजाडल्यावर चारी बाजूंनी बार सुरू झाले, लांब, जवळ, कधी एकाला लागून दुसरा. हंगामाच्या पहिल्या सकाळी असंच असतं. दरवर्षी मी ते ऐकत पिठात हात घालून बसतो. या वर्षी प्रत्येक बाराला माझे खांदे उडत होते. तो आवाज दलदलीचा का? तो फुटल्यासारखा वाटला का? जोड सुटताना कसा आवाज होतो? मी दार उघडून बाहेर जात होतो, पायवाटेवर थोडं चालून परत येत होतो, लोणी करपवत होतो. काल मी गप्प राहिलो असतो तर ती आत्ता बापाची बंदूक जशीच्या तशी घेऊन बसली असती, आणि काही झालं नसतं. किंवा झालं असतं. मला कळत नव्हतं. मला आजवर फारसं कधीच काही कळलेलं नाही. मी फक्त वाचलं आहे.

मग दलदलीच्या बाजूने एक बार झाला. एकच. नंतर शांत.

मी पातेलं उतरवलं, कोट घातला, टोपी विसरलो, परत आलो, टोपी घेतली आणि वाटेला लागलो. हाक मारावी की नाही? शिकारीत हाक मारायची नसते. मी मारली. "ऐली!" देवदारांनी ती गिळून टाकली. पुढे गेलो, पुन्हा मारली.

"ओरडू नका, काका," जवळूनच आवाज आला. "आता हाकेने घाबरायला एकही हरीण उरलं नाहीये."

ती झाडांतून वाट काढत येत होती, बंदूक कडी उघडून कोपरात धरलेली. टोपी नव्हती. केसांत, कॉलरमध्ये, भुवयांवर बर्फ. मान आखडून, खांदे उंच करून चालत होती, जसं पाठीतून काही सरकतंय.

"तो बार?" मी विचारलं.

"सुलोचा. टेकडीवरून इकडे उतरला वाटतं आगाऊ." तिने कॉलरमध्ये हात घालून मूठभर बर्फ काढला. "आला होता, काका. मोठा. शिंगं अशी. इथे, त्या देवदाराइतक्या अंतरावर उभा. मी बंदूक उचलली, आणि शेपूट फांदीत अडकली."

मी नळीच्या टोकाकडे बघितलं.

"सगळा बर्फ मानेत. सगळा! थेट खाली. त्याने माझ्याकडे बघितलं, खरंच, थांबून बघितलं, आणि चालत निघून गेला. पळालासुद्धा नाही." तिचा आवाज मध्येच बदलला. "बाबा घरी येऊन कसे उड्या मारायचे, सदरा झटकायचे, शिव्या घालायचे, मी ते नाटक समजत होते."

ती तिथेच वाटेवर उभी राहून सदरा झटकू लागली. शिव्या यालमारच्याच होत्या, एकही नवीन नव्हती. मला आधी वाटलं ती रडतेय. मग वाटलं हसतेय. मला तेव्हाही नक्की कळलं नाही.

कँपवर सुलो आधीच येऊन बसला होता, हरणाविना, आणि करपलेल्या लोण्याबद्दल कुरकुरत होता. ऐलीने त्याला सगळं सांगितलं. तो टेबलावर हात आपटून हसला.

"म्हणजे पुन्हा कापायची की काय शेपूट?"

ऐली गंभीर झाली. तिने माझ्याकडे वळून विचारलं, जसं वाचनालयात लोक विचारायचे, "काका, किती कापता येईल?"

मला कागद काढायची गरज नव्हती. तरी मी काढला.

"सहा सूत जास्त आहेत," मी म्हणालो. "पाच कापली तरी चालेल." मग मला करवत आठवली, आणि यालमारचा तिरका हात, आणि सुलोचाही. "नाही, चार. चारच कापा."

"चार," ऐली म्हणाली. "आणि बंद करून मोजा."

तिने कोट काढायला बंदूक माझ्याकडे दिली. नळीच्या टोकाशी, चकचकीत गाठीवर, देवदाराचं एक हिरवं पान चिकटलेलं होतं.

"उघडी," ती म्हणाली, आणि हात सोडला नाही.

मी आत डोकावलो. चष्मा धुरकटला होता, म्हणून तो पुसला आणि पुन्हा डोकावलो.

"पाहिली," मी म्हणालो.